पाणबुडी: प्रश्न खोलीचा की हवेचा?

झिरोमाइलकर – ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

आज ८ डिसेंबर. १९६७ साली याच तारखेला तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या रीगा बंदरात 'आयएनएस कलवरी' भारतीय नौदलात दाखल झाली, म्हणून आजचा दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळतात. नागपुरात अर्थात कुणाला पत्ता नाही. इथे डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन आणि सिव्हिल लाइन्सकडे जाणारे अडवलेले रस्ते.

समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पाणबुडी म्हटलं की पाण्याचीच भीती वाटते. चिरडून जाऊ, बुडून जाऊ. जमेल तेवढं वाचल्यावर माझं मत मात्र वेगळं झालंय. दाब सहन करील असं पोलाद करणं माणसाला मानानं लवकर जमलं. खरं घोडं अडलं ते हवेपाशी, आणि तीनशे वर्षं अडलेलंच होतं.

१६२० च्या सुमारास कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसानं लंडनच्या थेम्स नदीत वल्ह्यांची, चामड्यानं मढवलेली नाव पाण्याखालून चालवली. पुढे रॉबर्ट बॉइलनं लिहून ठेवलं की ड्रेबेलपाशी आतली कोंदट हवा पुन्हा ताजी करणारं काहीतरी रसायन होतं. ते खरं किती, खोटं किती, हे सोडा. पहिल्याच पाणबुडीबद्दल लोकांना कुतूहल होतं ते हवेचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१७७६ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात डेव्हिड बुशनेलची 'टर्टल' आली. एकच माणूस आत बसून हातानं मळसूत्र फिरवणार, आणि हवा जेमतेम अर्ध्या तासाची. सार्जंट एझ्रा ली न्यूयॉर्क बंदरात 'ईगल' या ब्रिटिश जहाजाच्या तळापर्यंत पोचला, पण स्फोटकं अडकवायचा स्क्रू काही तळात शिरला नाही. त्यानंतरची 'हन्ली'. १७ फेब्रुवारी १८६४ ला अमेरिकन यादवी युद्धात तिनं 'हाउसटॉनिक' बुडवलं. पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका. सात जण हातानं दांडा फिरवायचे, आठवा सुकाणू धरायचा आणि हवा किती उरली हे मेणबत्ती बघून ठरायचं. ती त्याच रात्री परत आली नाही. त्याआधी सरावातच दोनदा बुडाली होती. तिन्ही वेळचे मिळून २१ माणसं तिनं स्वतःचीच मारली आणि शत्रूची पाच.

पुढे पेट्रोल इंजिनं आली तशी ब्रिटिशांनी विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून आत पांढरे उंदीर ठेवले. मग डिझेल आणि बॅटरी. इथून 'खरी' पाणबुडी सुरू झाली असं पुस्तकं म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्या म्हणजे मुळात वरून चालणारी जहाजंच, गरज पडली तर थोडा वेळ दडी मारू शकणारी. जर्मनांची गाजलेली टाइप ७ घ्या. पाण्यावर १७ नॉट, म्हणजे ताशी १७ सागरी मैल वेग. पाण्याखाली चार नॉटनं रांगली तर ८० सागरी मैलांत बॅटरी संपली.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी खोडून काढावं.

---

तर्रीवाला – ८ डिसेंबर, सकाळी ८:१५

भाऊ, येवढं वाचेपर्यंत पोहे थंड झाले. पण एक सांगा, हवा संपली तर वर या, घ्या श्वास, अन् जा परत खाली. अडून कायले राह्यलं?

---

झिरोमाइलकर – ८ डिसेंबर, सकाळी ८:३२

तेच तर करायचे. रात्री वर यायचं, डिझेल लावून बॅटरी भरायची, उजाडायच्या आत खाली. १९४३ पासून ते जमेना, कारण विमानांवर रडार आलं. अंधारात वर आलेली पाणबुडीही दिसायला लागली. त्या वर्षीच्या एकट्या मे महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या गेल्या. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या पाणबुडी दलातल्या साधारण ४० हजारांपैकी ३० हजारांच्या आसपास माणसं मेली होती. कुठल्याही सैन्याच्या कुठल्याही शाखेला इतकी मोठी किंमत क्वचितच मोजावी लागली असेल.

---

बुटीबोरीकर – ८ डिसेंबर, सकाळी १०:०५

लेख आवडला, पण निदान अर्धवट आहे. हवा म्हणताना तुम्ही माणसांची हवा म्हणताय. माणसाला हवा लागते ती किती? साधं काम करणारा माणूस तासाला २५ लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो. ७५ माणसांचे धरा, तासाला दोन घनमीटरही होत नाहीत. पाणबुडीचं पोट चांगलं मोठं असतं, त्यात कितीतरी तास निघतात. डिझेल इंजिनाचं तसं नाही. दोन हजार अश्वशक्तीचं एक डिझेल तासाला काही हजार घनमीटर हवा ओढतं. म्हणजे अडचण फुप्फुसांची नाही, इंजिनाची आहे. डिझेलला पाण्याखाली श्वास घेता येत नाही म्हणून बॅटरी, बॅटरी संपते म्हणून वर येणं, वर येतो म्हणून मरणं.

स्नॉर्केलचा उगमही यातलाच. मूळ कल्पना डचांची, जर्मनांनी १९४० मध्ये त्यांच्या पाणबुड्यांबरोबर ती उचलली आणि युद्धाच्या शेवटी वापरली. पेरिस्कोपएवढ्या खोलीवर राहायचं, नळी वर काढायची, त्यातून डिझेल चालवायचं. लाट आली की नळीचं झाकण आपोआप बंद होतं. इंजिन मात्र थांबत नाही, ते आतलीच हवा खेचतं. क्षणात आतला दाब उतरतो आणि सगळ्यांचे कान दडपतात.

बॅटरीबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून सांगतो. लेड-ॲसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. आणि बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन यू-१२०६ स्कॉटलंडजवळ गेली ती संडासामुळे. खोल पाण्यात फ्लश करायची नवी यंत्रणा होती, झडपांचा क्रम चुकला, पाणी आत आलं आणि नेमकं खालच्या बॅटरीवर पडलं. क्लोरीन पसरला, वर यावं लागलं, विमानांनी गाठलं. कप्तानाला स्वतःची बोट सोडून द्यावी लागली.

---

तर्रीवाला – ८ डिसेंबर, सकाळी १०:११

संडासापायी पाणबुडी गेली! बाप्पा!

---

माजी_नौसैनिक_मानेवाडा – ८ डिसेंबर, दुपारी १:५०

हसू नका राजेहो. आमच्या बोटीवर नवीन पोरगा आला की पहिलं शिक्षण संडासाचंच. कोणती झडप आधी, कोणती नंतर, हाय प्रेशर एअर कधी सोडायची. क्रम चुकवला तर सगळं तोंडावर येतं, अन् धुवायला पाणी नाही.

मी फॉक्सट्रॉट जातीच्या, म्हणजे सोव्हिएत बनावटीच्या डिझेल बोटीवर होतो. नाव सांगत नाही. ९१ मीटर लांब, सात कंपार्टमेंट, तीन डिझेल, तीन मोटर, मागे तीन पंखे म्हणजे प्रोपेलर. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा, मागे चार. माणसं पंचाहत्तरच्या आसपास. एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून आधी पाय टाकायचा, मग डोकं. पोट सुटलेल्याचं काम नाही.

बुटीबोरीकर भाऊ, तुमचा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण त्रास ऑक्सिजन संपल्याचा होत नाही. आधी वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. आत तो टक्क्यांत मोजायची वेळ आली की डोकं ठणकायला लागतं, मग माणूस चिडचिडा होतो, मग साधी बेरीज चुकतो. बोटीवर भांडणं वाढली की जुने लोक आधी हवेचं माप बघायचे. रशियन बोटींत हवा शुद्ध करायला रसायनाच्या प्लेटा असतात. त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात अन् ऑक्सिजन सोडतात. चीज एकदम भारी, पण तेलाचा थेंब लागला तर पेट घेते. २००० साली बुडालेली रशियाची 'कुर्स्क' पाणबुडी आठवते? पुढचा भाग स्फोटात गेला तरी मागच्या नवव्या कंपार्टमेंटमध्ये २३ जण जिवंत होते. तिथं अशीच प्लेट तेलकट पाण्यात पडून आग लागली असं चौकशीत निघालं. आगीनं उरलासुरला ऑक्सिजन खाल्ला. तेव्हा झिरोमाइलकरांचा मुद्दा मी मानतो, फुप्फुसांपुरता सुद्धा.

राहणीमान विचारू नका, सांगतोच. चार तास वॉच, आठ तास सुट्टी, पण त्या आठात देखभाल, जेवण, झोप सगळं आलं. बंक माणसांपेक्षा कमी. मी उठलो की माझ्या जागी दुसरा झोपणार, गादी गरमच. टॉर्पेडोच्या बाजूलाही झोपायचो. आंघोळ नाही, दाढी नाही. गोडं पाणी प्यायला अन् स्वैपाकाला. कपडे घालून फेकून द्यायचे असतात, धुवायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात कूलर बंद पडलेली आपल्या नागपूरची खोली घ्या, तिची खिडकी बुजवा अन् डिझेलचा डबा आत उघडा ठेवा. इंजिन रूम तशी असायची.

जेवण मात्र चांगलं. निघताना बटाटे, कांदे, अंडी जागा दिसेल तिथं कोंबायची. पहिले काही दिवस ताजी भाजी, मग डब्यातलं. गॅली म्हणजे एक माणूस वळेल एवढी जागा, विजेची शेगडी, अन् त्यात तो पंचाहत्तर लोकांचं दिवसातून चार वेळा करतो. पूर्ण बोटीवर कप्तानाच्या खालोखाल मान कुणाला असेल तर कुकला. तळण केलं की वास सातही कंपार्टमेंटमध्ये फिरतो अन् जात नाही, म्हणून तळण कमी. मला सावजीची आठवण यायची, पण तो रस्सा तिथं शिजवला असता तर बंडच झालं असतं.

---

महालातली_मावशी – ८ डिसेंबर, दुपारी ३:२०

माजी नौसैनिक, तुमचं वाचून माझ्या दादाची आठवण आली. तोही विशाखापट्टणमला पाणबुडीवर होता. घरी यायचा तेव्हा पेटी उघडल्याबरोबर डिझेलचा वास वाड्यात पसरायचा. आई सगळं अंगणात वाळत टाकायची, तरी आठ-आठ दिवस वास जायचा नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, "मुलगा नेव्हीत आहे की गॅरेजात?"

तो काय करतो हे आम्हाला कधीच कळलं नाही. समुद्रात असताना पत्र नाही, फोन नाही. वहिनीला एवढंच सांगून जायचा की काही दिवस येणार नाही. कुठे, किती दिवस, विचारायचं नाही. तिकडच्या कॉलनीतल्या सगळ्या बायकांचं तेच. कुणाचं मूल आजारी पडलं तर शेजारणींनी दवाखान्यात न्यायचं, कारण नवरे सगळे एकाच बोटीवर. वहिनी म्हणायची, सासरपेक्षा मला त्या बायका जवळच्या. आईला ते आवडायचं नाही, पण खरं होतं.

सुट्टीत आला की दादा रात्री गच्चीवर झोपायचा, डिसेंबरातसुद्धा. घरात झोप म्हटलं तर ऐकायचा नाही.

---

इतवारीवाला – ८ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

पाणबुडी म्हटलं आणि नेताजींचा विषय नाही असं कसं? ९ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या कील बंदरातून ते यू-१८० मध्ये चढले, सोबत आबिद हसन. इंग्लंडला वळसा घालून, आफ्रिकेच्या टोकाखालून, एप्रिलअखेर मादागास्करच्या जवळ. तिथं जपानी आय-२९ भेटली. समुद्र खवळलेला, म्हणून रबरी तराफ्यावरून, दोराच्या आधारानं एका पाणबुडीतून दुसरीत. मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांगला उतरले. जवळजवळ तीन महिने पाण्याखालच्या त्या नळकांड्यात, आणि त्या काळात ते लिहीत होते, भाषणं तयार करत होते. आत्ता वरती माजी नौसैनिकांनी जे सांगितलं ते वाचल्यावर या प्रवासाकडे बघायची माझी नजर बदलली. आपण शाळेत ही गोष्ट दोन ओळींत शिकलो.

---

रेशीमबाग_वाचक – ८ डिसेंबर, रात्री ९:१०

१९७१ चं कुणी काढलं नाही अजून. पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी ३-४ डिसेंबरच्या रात्री बुडाली. मूळची अमेरिकन 'डायब्लो', पाकिस्ताननं घेतलेली. शोधत होती आपल्या विमानवाहू 'विक्रांत'ला, आणि 'विक्रांत' अंदमानकडे नेऊन लपवलेली. आपल्या 'राजपूत' विनाशिकेनं टाकलेल्या डेप्थ चार्जेसनी, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी ती गेली असं आपण म्हणतो, पाकिस्तान म्हणतं स्वतःच्याच सुरुंगावर किंवा आतल्या स्फोटानं. बुटीबोरीकरांनी हायड्रोजनचं लिहिलंय म्हणून विचारतो, बॅटरी भरताना स्फोट झाला असू शकतो का?

दुसरी बाजूही लिहायला हवी. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. उद्या तीच तारीख आहे.

---

बुटीबोरीकर – ८ डिसेंबर, रात्री ९:४०

'गाझी'बाबत हायड्रोजनची शक्यता अनेकांनी मांडलीय आणि तांत्रिकदृष्ट्या ती अशक्य नाही. पण अवशेष समुद्रतळाशी आणि दोन देशांच्या दोन कहाण्या, यात मी पैज लावणार नाही.

---

माजी_नौसैनिक_मानेवाडा – ८ डिसेंबर, रात्री १०:२५

मीही नाही लावणार. त्यातले सगळे, नव्वदाहून जास्त, तिथंच आहेत. पाणबुडीवाला पाणबुडीवाल्याच्या मरणावर पैज लावत नाही, बाजू कुठलीही असो.

फॉक्सट्रॉटची एक गोष्ट मात्र सांगतो, कारण ती सगळ्या जगाची आहे. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचं संकट, अमेरिका अन् रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी. रशियाची बी-५९, फॉक्सट्रॉटच, म्हणजे आमच्या 'कलवरी'ची सख्खी बहीण. वर अमेरिकन विनाशिका सरावाचे डेप्थ चार्ज टाकत होत्या. खाली बॅटरी संपत आलेली, आत ४५ अंशांवर उष्मा, कार्बन डायऑक्साइड वाढलेला, मॉस्कोशी संपर्क नाही. अन् टॉर्पेडोंपैकी एक अणुबॉम्बचा. कप्तान सावित्स्की तो सोडायला निघाला होता. त्याच बोटीवर असलेल्या वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला थांबवलं अन् बोट वर आणली. त्या गरमीत, त्या हवेत डोकं थंड ठेवणं काय असतं हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, हवा हा फक्त इंजिनाचा प्रश्न नाही. हवा बिघडली की निर्णय बिघडतो.

---

झिरोमाइलकर – ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

हा धागा काढताना मला हा मुद्दा सुचलाच नव्हता. यावर आणखी लिहा.

बुटीबोरीकरांच्या इंजिनाच्या मुद्द्याला जोडून: तो प्रश्न सुटला १७ जानेवारी १९५५ ला, अमेरिकेची 'नॉटिलस' अणुशक्तीवर निघाली तेव्हा. अणुभट्टीला हवाच लागत नाही. वीज मुबलक, म्हणून समुद्राच्या पाण्यातूनच ऑक्सिजन काढायचा. ऑगस्ट १९५८ मध्ये ती बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडून गेली. १९६० मध्ये 'ट्रायटन'नं पाण्याखालून पृथ्वीला फेरी मारली, ६० दिवस २१ तासांत. मर्यादा उरली ती शिध्याची आणि माणसाच्या डोक्याची. आपल्याकडे रशियाकडून भाड्यानं घेतलेली 'चक्र' १९८८ मध्ये आली, आणि स्वतःची 'अरिहंत' २००९ ला पाण्यात उतरून २०१६ मध्ये सेवेत दाखल झाली.

---

तर्रीवाला – ९ डिसेंबर, सकाळी ८:२०

पाहाले कुठं भेटते हे?

---

इतवारीवाला – ९ डिसेंबर, सकाळी ८:५५

विशाखापट्टणमला आरके बीचवर 'कुरसुरा' ठेवलीय. १९६९ ची फॉक्सट्रॉट, २००१ मध्ये निवृत्त, पुढच्या वर्षीपासून संग्रहालय. आपल्याकडून समता एक्स्प्रेस गोंदिया-रायपूरवरून सरळ तिथंच जाते. एका टोकानं शिरायचं, दुसऱ्या टोकानं बाहेर. आत एसी लावलाय, त्यामुळे गरमीचा अंदाज येत नाही. माणसांची रांग मागून ढकलत असते, तरी दोन टॉर्पेडोंच्या मधले बंक नीट बघा.

---

रेशीमबाग_वाचक – ९ डिसेंबर, दुपारी १२:३०

अणुपाणबुड्या सोडल्या तर आपल्या नव्या बोटींचं काय? मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या. 'कलवरी' २०१७ ची, शेवटची 'वागशीर' जानेवारी २०२५ ची. त्यात 'खांदेरी' आहे, महाराजांच्या जलदुर्गाच्या नावाची. या डिझेलच्याच ना? म्हणजे हवेचा तोच जुना त्रास?

---

बुटीबोरीकर – ९ डिसेंबर, दुपारी २:१५

हो, डिझेल-इलेक्ट्रिकच. त्रास कमी झालाय, गेलेला नाही. मधला मार्ग म्हणजे एआयपी, बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा. स्वीडननं 'गॉटलंड'मध्ये १९९६ मध्येच बसवली. २००५ च्या सरावात तिनं 'रोनाल्ड रेगन' या अमेरिकन विमानवाहू जहाजाला कागदोपत्री बुडवलं होतं. पाकिस्तानकडे अगोस्टा ९०बी जातीच्या पाणबुड्यांत एआयपी आहे. आपली यंत्रणा अंबरनाथच्या नौदल सामग्री प्रयोगशाळेत तयार झाली, फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेनं वीज करणारा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. 'कलवरी' जातीच्या बोटी दुरुस्तीला येतील तेव्हा त्या कापून मध्ये हा भाग घालायचा असं ठरलेलं होतं. एवढ्या उशिराबद्दल मला राग आहे, पण तो इथे काढत नाही.

जपाननं तर उलटी वाट धरली. मार्च २०२० मध्ये दाखल झालेल्या 'ओर्यू'मध्ये त्यांनी एआयपीच काढून टाकलं आणि लेड-ॲसिडच्या जागी लिथियम-आयन बॅटरी भरली. विचार सरळ आहे: पाण्याखाली वीज तयार करत बसण्यापेक्षा जास्त साठवून न्या आणि झटपट भरा. हायड्रोजनची कटकटही संपते. पण लिथियमनं पेट घेतला तर ती आग विझवणं महाकठीण, आणि बंद बोटीत धूर जाणार कुठे? त्यामुळे बाकीचे बरेच देश थबकून बघत राहिले. मला विचाराल तर मी एआयपी आणि लिथियम दोन्ही घेईन, आणि माजी नौसैनिकांना विचारून ठरवीन की आत किती माणसं ठेवायची.

---

माजी_नौसैनिक_मानेवाडा – ९ डिसेंबर, दुपारी ४:४०

माणसं कमीच हवीत. नव्या स्कॉर्पीनवर आमच्या निम्म्यानं लोक आहेत. पण मशीन वाढली अन् माणूस घटला की आग लागल्यावर होज धरायला हात कुठून आणायचे, ते इंजिनीअर लोकांनी आधी सांगावं.